न्यायाधीश होण्यापूर्वीची सरकारी सेवा निवृत्तिवेतनासाठी कशी जोडून घ्यावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. २००३ साली जिल्हा न्यायालयात कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू. नोकरी सांभाळून एलएलबी. २०१२ साली दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) म्हणून नेमणूक. तेव्हापासून दर महिन्याला अंशदायी पेन्शन योजनेची कपात चालू आहे. निवृत्ती २०३९ मध्ये. अमेरिकेत सरकारी नोकरी करणाऱ्या भावाने आपली जुनी वर्षे पैसे भरून 'विकत' घेतली, तर आपल्यालाही लिपिकपदाची नऊ वर्षे विकत घेता येतील का, आणि किती पैसे भरावे लागतील?

साहेब, मी जिल्हा न्यायालयाच्या आस्थापना शाखेत लिपिक म्हणून लागलो आणि अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. सेवापुस्तके आणि पेन्शनची प्रकरणे हेच माझे आयुष्यभराचे काम. आपणही कधीकाळी आमच्याच टेबलांवर बसलेले, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

आपल्याला एक रुपयाही भरायचा नाही. ती नऊ वर्षे आपलीच आहेत. २०१२ च्या राजीनाम्याने ती तुटली की जोडलेली राहिली, एवढेच बघायचे आहे. आणि त्या नऊ वर्षांची खरी किंमत वर्षांच्या संख्येत नाही, आपण पहिल्यांदा कधी रुजू झालात त्या तारखेत आहे. कसे ते पुढे येते.

आधी भावाच्या गोष्टीबद्दल. अमेरिकेत अनेक राज्यांचे स्वतंत्र निवृत्ती निधी असतात. सभासद दर महिन्याला त्यात हप्ता भरतो. त्यामुळे आधीच्या सरकारी नोकरीची किंवा सैन्यातली वर्षे जोडायची झाली, तर त्या वर्षांचा हप्ता व्याजासह, किंवा त्या वर्षांमुळे निधीवर पडणारा सगळा बोजा हिशोब करून, सभासदाकडून घेतला जातो. अमेरिकेच्या संघ सरकारच्या सध्याच्या योजनेत सैन्यातल्या वर्षांसाठी तेव्हाच्या मूळ वेतनाच्या साधारण ३ टक्के भरावे लागतात. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९८२ पासून लागू असलेल्या महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियमांखालची पेन्शन कोणत्याही निधीतून येत नाही, ती थेट राज्याच्या तिजोरीतून मिळते. भविष्य निर्वाह निधीची कपात ही आपली स्वतःची बचत, तिचा पेन्शनशी संबंध नाही. ज्यासाठी हप्ताच नव्हता, त्याचा थकलेला हप्ता भरायचा प्रश्न येत नाही.

'विकत घेणे' या शब्दाच्या जवळ जाणारी तरतूद आपल्याकडे एकाच ठिकाणी आहे. पहिल्या नोकरीतून बाहेर पडताना ज्याने त्या सेवेबद्दल उपदान (ग्रॅच्युइटी) घेतले आणि नंतर पुन्हा सरकारी सेवेत आला, त्याने ते उपदान परत केले तर जुनी सेवा धरता येते. केंद्राच्या १९७२ च्या निवृत्तिवेतन नियमांत नियम १८ नागरी सेवेसाठी आणि नियम १९ आधीच्या सैनिकी सेवेसाठी होता. २०२१ च्या नव्या नियमांत क्रमांक बदलले. नियम १८ मध्ये रक्कम फार तर ३६ मासिक हप्त्यांत परत करायची सोय होती आणि सोबत एक कडक अट होती: शेवटचा हप्ता भरेपर्यंत जुनी सेवा धरण्याचा हक्क जिवंत होत नाही. विकल्प द्यायलाही मुदत होती, आणि ती चुकली की घेतलेले पैसे आपण ठेवून घेतले असे मानले जाई. सैन्यातून आलेल्या न्यायिक अधिकाऱ्यांनी हा मुद्दा विशेष जपावा. आपण २०१२ मध्ये उपदान घेतलेले नसेल, तर परत करण्यासारखेही काही नाही. मात्र एकदा खात्री करा. काही कार्यालये हिशोब 'बंद' करण्याच्या उत्साहात रजा रोखीकरण, भविष्य निर्वाह निधी असे सगळेच देऊन टाकतात. ते कशाबद्दल दिले होते याचे देयक बघा.

आता किमतीचा हिशोब.

राज्यात पूर्ण पेन्शनसाठी ३३ वर्षे सेवा लागण्याची जुनी अट सहाव्या वेतन आयोगानंतर गेली. २० वर्षांची अर्हताकारी, म्हणजे पेन्शनसाठी धरली जाणारी, सेवा झाली की शेवटच्या वेतनाच्या ५० टक्के पेन्शन बसते. आपण २०१२ ते २०३९ न्यायाधीश म्हणून २७ वर्षे पुरी कराल. म्हणजे जुन्या योजनेत असाल तर जुनी नऊ वर्षे धरली काय आणि न धरली काय, मासिक पेन्शनचा आकडा तोच. फरक उपदानात पडतो. प्रत्येक पूर्ण सहामाहीला पाव महिन्याचे वेतन, कमाल साडेसोळा महिने. २७ वर्षांचे साडेतेरा महिने होतात. नऊ वर्षे जोडली तर ३६ होतात, पण ३३ वर लगाम आहे, म्हणजे साडेसोळा. फायदा तीन महिन्यांच्या वेतनाचा, तोही कमाल रकमेच्या मर्यादेत. एवढ्यासाठी कुणी जुन्या कचेरीच्या पायऱ्या झिजवू नयेत, असे मीच म्हणालो असतो.

पण आपले प्रकरण तसे नाही. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर राज्य सेवेत आलेल्यांना १९८२ चे नियम लागू नाहीत. त्यांना आधी परिभाषित अंशदान योजना, म्हणजे आपण म्हणता ती अंशदायी योजना, आणि नंतर तीच राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना. आपण २००३ साली रुजू झालात. जोड टिकली असेल तर आपली सेवा २००३ पासून सुरू होते आणि आपण १९८२ च्या नियमांतले. जोड तुटली असेल तर २०१२ चे नवे, आणि कपात बरोबरच चालू आहे. एका बाजूला वेतनाच्या निम्मी पेन्शन, त्यावर महागाई वाढ आणि मागे कुटुंब निवृत्तिवेतन. दुसऱ्या बाजूला बाजारावर हेलकावणारी जमा रक्कम, जिच्यातली किमान ४० टक्के वार्षिकी (ठरावीक रक्कम देत राहणारी विमा योजना) घेण्यात जाते. नऊ वर्षांतला एकही दिवस पेन्शनच्या आकड्यात भर घालत नाही, पण पहिला दिवस सगळी योजनाच बदलतो. माझ्याकडे येणारे दहापैकी आठ जण 'वर्षे किती धरली जातील' असे विचारतात. त्यांनी 'माझी सेवा कोणत्या तारखेपासून मोजणार' असे विचारायला हवे.

हे सगळे १९८२ च्या नियमांतल्या नियम ४६ वर उभे आहे. राजीनामा दिला की मागची सेवा जप्त होते, हे त्याचे पहिले वाक्य. लगेच अपवाद येतो: जेथील सेवा पेन्शनसाठी धरली जाते अशा दुसऱ्या सरकारी नेमणुकीवर जाण्यासाठी, योग्य परवानगीने राजीनामा दिला असेल, तर मागची सेवा जप्त होत नाही. यालाच आपण तांत्रिक राजीनामा म्हणतो. यात तीन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. अर्ज कार्यालयामार्फत, म्हणजे ना-हरकत घेऊन केला होता. राजीनामा नव्या सरकारी पदासाठीच दिला होता. आणि जुने पद सोडणे व नवे घेणे यांमध्ये बेकायदा खंड नाही.

आपण न्यायालयीन कर्मचारी होतात, ही जमेची बाजू. आपल्या वेळी कनिष्ठ स्तर न्यायाधीशाच्या भरतीत वकिलांबरोबर न्यायालयीन कर्मचाऱ्यांनाही वाट होती, आणि त्या वाटेने जाताना सेवेचे प्रमाणपत्र कार्यालयाकडूनच लागे. त्यामुळे आपल्या अर्जामागे जिल्हा न्यायालयाचा कागद असणारच. तो कागद आज आपल्यासाठी सोन्याचा आहे.

गडबड होते ती राजीनाम्याच्या आठवड्यात. निवड झालेली असते, घरी पेढे वाटून झालेले असतात, उत्तनच्या न्यायिक अकादमीत प्रशिक्षणाला जायची तारीख आलेली असते. आस्थापना लिपिक छापील नमुना पुढे सरकवतो आणि उमेदवार सही करतो. माझ्या टेबलावर आलेले एक प्रकरण सांगतो. एक तरुण न्यायाधीश बाई पूर्वी एका सरकारी कार्यालयात लघुलेखक होत्या. त्या कार्यालयाच्या नमुन्यात कारणाच्या रकान्यात 'घरगुती कारणास्तव' असे आधीच छापलेले होते. बाईंनी सही केली, वर कार्यालयाने नोटीस कालावधीचा एक महिन्याचा पगारही भरून घेतला. तांत्रिक राजीनाम्यात नोटीस पगार घ्यायचे कारणच नसते. दहा वर्षांनी सेवा जोडायचा प्रस्ताव गेला तेव्हा लेखा शाखेने त्या दोन कागदांवर बोट ठेवले: राजीनामा घरगुती कारणाने, नोटीस पगार भरलेला, सेवा जप्त. वाचून मला फार वाईट वाटले, कारण त्याच नस्तीत चार पाने मागे परीक्षेला बसण्याची परवानगी होती आणि कार्यमुक्तीच्या आदेशात 'न्यायाधीश पदावर रुजू होण्यासाठी' असे शब्द होते. ते पान कुणी उलटलेच नव्हते. आम्ही तिन्ही कागद तारखेच्या क्रमाने लावले आणि जुन्या नियुक्ती प्राधिकाऱ्यांकडे शुद्धिपत्रक मागितले. ते मिळायला दीड वर्षाहून जास्त काळ गेला, पण मिळाले. छापील रकान्यापेक्षा त्या वेळच्या इतर कागदांतून दिसणारा खरा हेतू वजनदार ठरतो, फक्त ते कागद कुणीतरी समोर ठेवावे लागतात.

खंडाबद्दल घाबरू नका. जुन्या पदावरून शनिवारी सुटून पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावी रुजू झालात, तर बदलीच्या वेळी नव्या जागी रुजू व्हायला मिळतो तेवढा पदग्रहण अवधी त्यात धरता येतो. शिल्लक रजा मंजूर करून किंवा रीतसर क्षमापित (माफ) करूनही खंड भरता येतो. मात्र त्याचा लेखी आदेश हवा. 'चारच दिवस होते' हे तोंडी सांगून पेन्शन प्रकरणे तपासणाऱ्या महालेखापाल कार्यालयाचे समाधान होत नाही, आणि होऊही नये.

आता आपण करायचे काय. आपल्या २०१२ च्या नस्तीतून पाच कागद काढा: ना-हरकत किंवा अर्ज पुढे पाठवल्याचे पत्र, राजीनामा, तो स्वीकारल्याचा आदेश, कार्यमुक्ती आदेश आणि अंतिम वेतन प्रमाणपत्र. सोबत जुने सेवापुस्तक, सेवा पडताळणीच्या वर्षवार नोंदींसह. जुने सेवापुस्तक नव्या आस्थापनेकडे आले होते का, की २०१२ मध्ये कोरे नवे पुस्तक उघडले, हे आधी बघा. बहुतेक प्रकरणांचे दुखणे तिथेच असते. नवे पुस्तक उघडले म्हणजे नव्या लिपिकाला आपण नवेच वाटणार, आणि त्याने अंशदायी योजनेचा खाते क्रमांक काढून दिला तर त्याचा एकट्याचा दोष नाही.

मग प्रमुख जिल्हा न्यायाधीशांमार्फत उच्च न्यायालयाच्या प्रबंधक (रजिस्ट्रार) कार्यालयाकडे एकच अर्ज करा, पण त्यात तीन मागण्या वेगळ्या लिहा. एक, २००३ ते २०१२ ची सेवा नियम ४६ च्या अपवादानुसार अखंड धरावी. दोन, त्यामुळे १९८२ चे नियम लागू असल्याचे जाहीर करावे. तीन, अंशदायी योजनेची कपात थांबवून भविष्य निर्वाह निधीचे खाते सुरू करावे, आपल्या हिश्श्याची जमा रक्कम त्यात वर्ग करावी आणि शासनाचा हिस्सा शासनाला परत जावा. फक्त पहिली मागणी करून लोक थांबतात. सेवा जोडल्याचा आदेश निघतो, सगळे खूश होतात, आणि कपात आणखी सहा वर्षे चालूच राहते. असे झालेले मी पाहिले आहे.

शासनाचा हिस्सा आता मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १४ टक्के आहे, आपला १० टक्के. बारा-तेरा वर्षांत बरीच रक्कम साठली असेल आणि शासनाचा हिस्सा सोडायचा म्हटल्यावर मनात चलबिचल होईल. घरी बसून शांतपणे हिशोब करा. २०२४ नंतर राज्याने सुधारित आणि एकीकृत निवृत्तिवेतन योजनेचे विकल्पही पुढे आणले आहेत. कुठल्याही विकल्पपत्रावर सही करण्याआधी हा अर्ज दाखल झालेला असू द्या, म्हणजे आपण स्वतःच नवी योजना स्वीकारली, असा अर्थ उद्या कुणी काढणार नाही.

२ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाशी आपल्या प्रकरणाची गल्लत होऊ देऊ नका. तो निर्णय जाहिरात १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची पण नेमणूक नंतरची, अशा कर्मचाऱ्यांसाठी होता. आपण त्या तारखेआधी प्रत्यक्ष नोकरीत होतात. आपला दावा त्या सवलतीवर नाही, मूळ नियमावर आहे. अर्जात त्याचा उल्लेखही करू नका, नाहीतर 'विकल्पाची मुदत संपली' असा शेरा मारून कागद परत येईल.

न्यायिक अधिकाऱ्यांच्या वेतनासाठी नेमलेल्या दुसऱ्या न्यायवेतन आयोगाने, म्हणजे न्यायमूर्ती पी. व्यंकटराम रेड्डी यांच्या आयोगाने, न्यायिक अधिकाऱ्यांना नवी पेन्शन योजना लावू नये अशी शिफारस केली होती. त्याच्या भरवशावर आपला अर्ज लांबवू नका. आपला हक्क त्या शिफारशीवर अवलंबून नाही.

नकार आलाच तर एक गोष्ट लक्षात ठेवा. इतर राज्य कर्मचारी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जातात. प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्याने मात्र उच्च न्यायालयाचे आणि त्याच्या अधीनस्थ न्यायालयांचे अधिकारी-कर्मचारी त्या कक्षेबाहेर ठेवले आहेत. आपला मार्ग उच्च न्यायालयात रिट याचिकेचा. पण कागद पुरे असतील तर बहुतेक प्रकरणे तिथवर जात नाहीत.

आपल्यासारखेच विचारणारे इतरही आहेत, म्हणून थोडक्यात. सहायक सरकारी अभियोक्ता हे शासनाच्या आस्थापनेवरचे पेन्शनपात्र पद, ती सेवा वरच्याच नियमाने जोडली जाते. जिल्हा सरकारी वकील मात्र फी घेऊन ठरावीक मुदतीसाठी नेमलेला असतो. ते काम कितीही वर्षे केले तरी ती पेन्शनची सेवा नाही. हे ऐकून अनेकांना वाईट वाटते, पण खोटी आशा देण्यात अर्थ नाही. रोजंदारी, मानधन आणि कंत्राटावरची वर्षेही धरली जात नाहीत. बँक किंवा विमा महामंडळ ही शासनाची खाती नव्हेत, तिथली सेवा नियम ४६ मध्ये बसत नाही. आणि जे १ नोव्हेंबर २००५ नंतरच पहिल्यांदा नोकरीत आले, त्यांनी सेवा जोडली तरी योजना बदलत नाही. त्यांनी जुनाच खाते क्रमांक नव्या आस्थापनेत चालू ठेवावा, दुसरा काढू नये. मात्र २०२३ पासून त्या योजनेतल्या राज्य कर्मचाऱ्यांनाही निवृत्तीचे उपदान मिळते, त्यामुळे सेवा जोडण्याचा त्यांनाही फायदा आहे.

पुढे आपली उच्च न्यायालयावर नेमणूक झाली, तर सगळे गणित वेगळ्या कायद्यात जाते, म्हणून तेही सांगून ठेवतो. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींची पेन्शन १९५४ च्या केंद्रीय कायद्याने ठरते. वकिलीतून आलेले आणि न्यायिक सेवेतून आलेले यांच्या पेन्शनमध्ये त्यात दीर्घकाळ तफावत होती. सेवेतून आलेल्यांची मागची वर्षे मोजली जात, वकिलांची नाही. २०१४ मध्ये पी. रामकृष्णम राजू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वकिलीची १० वर्षे पेन्शनसाठी धरायला सांगितले, आणि २०१६ च्या दुरुस्तीने त्यासाठी कलम १४अ कायद्यात आले, तेही १ एप्रिल २००४ पासून लागू करून. नंतर उलटी अडचण पुढे आली. जिल्हा न्यायाधीश म्हणून निवृत्त होऊन काही आठवड्यांनी उच्च न्यायालयावर आलेल्यांना 'मध्ये खंड आहे' म्हणून मागची सेवा नाकारली जाऊ लागली. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायमूर्ती राज राहुल गर्ग यांच्या प्रकरणात मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती आडकाठी दूर केली. नेमणुकीची प्रक्रिया लांबली, याचा भुर्दंड न्यायमूर्तींनी का सोसावा?

आणि १९ मे २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने हा विषय मुळातूनच मिटवला. उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायमूर्तींना, ते वकिलीतून आलेले असोत की जिल्हा न्यायपालिकेतून, कायम असोत की अतिरिक्त, कितीही वर्षे काम केलेले असो, मध्ये खंड असो वा नसो, वर्षाला १३ लाख ५० हजार रुपये पूर्ण पेन्शन. मुख्य न्यायमूर्तींना १५ लाख. जिल्हा न्यायपालिकेत असताना ज्यांना नवी पेन्शन योजना लागू होती, त्यांनाही हीच पूर्ण पेन्शन. त्यांनी स्वतः भरलेली रक्कम वाढीसह त्यांना परत, आणि राज्याचा हिस्सा राज्याकडे. आपल्या तिसऱ्या मागणीची मांडणी मी अशीच का सुचवली, ते यावरून लक्षात येईल. हा निकाल उच्च न्यायालयापुरता आहे, आपल्याला आज थेट लागू होत नाही, पण पैसे कसे वर्ग करावेत याचा नमुना त्यात आहे.

एक घाई मात्र जरूर करा. आपले जुने न्यायालय २०१२ चे कागद कायमचे ठेवणार नाही. अभिलेखाच्या वर्गवारीनुसार साधी पत्रे ठरावीक वर्षांनी नष्ट होतात, आणि अर्ज पुढे पाठवल्याचे पत्र बहुतेक वेळा 'साध्या' पत्रांतच बांधलेले असते. पत्र सापडले नाही तर जावक नोंदवहीतली त्या तारखेची नोंद मिळवा, तीही पुरावा म्हणून चालते. आपण न्यायाधीश आहात म्हणून तोंडी निरोप पाठवू नका. साध्या अर्जदारासारखा लेखी अर्ज देऊन प्रमाणित प्रती मागा आणि पोचपावती घ्या. त्या हातात आल्या की सेवापुस्तकाच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची प्रत मला दाखवा, अर्जाचा मसुदा मी करून देतो.